बाळाची वाढ नि मेंदू: पहिली पाच वर्षं घरी काय मोजायचं, काय बघायचं, काय करायचं

बाळ बघायला आलेला माणूस आधी वजन विचारतो, मग रात्री झोपतं का विचारतो, आणि निघताना चपला घालता घालता म्हणतो, "पण बाळसं काही धरलं नाही गं अजून." मोठीच्या वेळी हे ऐकून ऐकून माझं डोकं इतकं फिरलं की मी घरी वजनकाटा आणला आणि तिला रोज त्यावर ठेवायला लागले, कधी कधी तर पाजायच्या आधी एकदा नि नंतर एकदा. २० ग्रॅम वाढले की दिवस चांगला, १० ग्रॅम कमी झाले की रडारड. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, तो काटा आधी माळ्यावर टाका, आणि मला सांगा, ती तुमच्याकडे बघून हसते का? आवाज आला की वळून बघते का? आता हसायची ती, चांगली खुदुखुदू हसायची, पण कधीपासून ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. ग्रॅमचे आकडे मात्र वहीची तीन पानं भरून.

धाकट्याच्या वेळी वही तीच ठेवली, रकाने बदलले. खाली जे लिहिलंय ते बरंचसं त्या वहीतलं आणि त्यानंतरच्या वाचनातलं. मी डॉक्टर नाही, तेव्हा बाळ आजारी असेल तर हे वाचत बसू नका, सरळ दाखवायला न्या.

सुरू करण्याआधी एवढं समजून घ्या

आपण अंगाची वाढ वेगळी आणि मेंदूची वेगळी धरतो, म्हणजे खाणं एकीकडे नि "ॲक्टिव्हिटी" दुसरीकडे. प्रत्यक्षात दोघांचा खर्च एकाच गल्ल्यातून होतो. जन्मताना मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो, पहिल्या वर्षातच तो दुपटीच्या वर जातो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचतो. २०१४ मध्ये संशोधक ख्रिस्तोफर कुझावा आणि त्यांच्या टीमने हिशोब मांडला की चार-पाच वर्षांचं मूल स्वस्थ पडलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली साधारण ६६ टक्के एकटा मेंदू घेतो, आणि नेमकं त्याच वयात उंची-वजन वाढायचा वेग मंदावलेला असतो. म्हणजे चार वर्षांचं पोर "काही अंगाला लागत नाही" असं दिसतं तेव्हा ते खाल्लेलं वाया चाललेलं नसतं, वरच्या मजल्यावर बांधकाम चालू असतं.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त पटलेली. १९८०च्या दशकात जमैकामध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी एका अभ्यासासाठी वयाच्या मानाने उंची खुंटलेली १२९ मुलं घेतली, वय ९ ते २४ महिने. काहींना दोन वर्षं जास्तीचं पोषण दिलं, काहींच्या घरी दर आठवड्याला तासभर एक बाई जाऊन आईला मुलाशी कसं खेळायचं, काय बोलायचं ते दाखवायची, तेही घरातल्या वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांनी, काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. त्या दोन वर्षांत पोषणाचा फायदा झाला, खेळाचाही झाला, दोन्ही मिळालेल्यांचा सगळ्यात जास्त. पण २० वर्षांनी परत शोधून काढलं तर ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा साधारण २५ टक्क्यांनी जास्त होती, नुसत्या पोषणाचा परिणाम इतका टिकलेला नव्हता. याचा अर्थ खाणं बिनमहत्त्वाचं असा अजिबात नाही, उपाशी मेंदूला काय खेळवणार. पण घास नि गप्पा एकत्रच चालायला पाहिजेत, हे मी त्यातून घेतलं.

पायरी १: मोजायचं कसं

बहुतेक घरांत मोजणंच चुकतं आणि मग चुकीच्या आकड्यावर टेन्शन घेतलं जातं.

वजन करताना बाळ उघडं, डायपरसुद्धा नाही, भिजलेला डायपर सहज शंभर-दोनशे ग्रॅम खातो. काटा दर वेळी तोच, शक्यतो वेळही तीच.

लांबी हे खरं त्रासाचं काम. दोन वर्षांपर्यंत आडवं झोपवून मोजायची आणि एकट्याने होत नाही. कडक सपाट जागा घ्या, गादी नको. एकाने डोकं धरायचं, टाळकं भिंतीला किंवा उभ्या फळीला टेकलेलं, डोळे सरळ छताकडे. दुसऱ्याने एका हाताने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हाताने जाड पुठ्ठ्याचं पुस्तक तळव्यांना काटकोनात टेकवून तिथे खूण करायची. बाळ एव्हाना बेंबीच्या देठापासून ओरडत असतं. एक तळवा टेकला की दुसरा वर, असा खेळ चालतो. दोनदा मोजा, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. दोन वर्षांनंतर भिंतीला उभं करून, चपला काढून, डोक्यावरची क्लिप काढून, टाचा-कुल्ले-खांदे भिंतीला टेकवून. आणि हो, उभं राहून उंची आडव्यापेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटर कमी भरते, त्यामुळे दुसऱ्या वाढदिवसानंतर मूल "आखडलं" असं वाटलं तर घाबरू नका, पद्धत बदललीय एवढंच.

डोक्याचा घेर घरी फार कुणी मोजत नाही, खरं तर मेंदूच्या वाढीचा घरबसल्या कळणारा एकमेव आकडा तोच. न ताणणारी टेप घ्या, पुढे भुवयांच्या वरून, बाजूला कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात जास्त बाहेर आलंय तिथून फिरवा. तीनदा मोजा, सगळ्यात मोठा आकडा लिहा.

किती वेळा? पहिले सहा महिने महिन्यातून एकदा, मग वर्षापर्यंत दोन महिन्यांनी, नंतर तीन, दोन वर्षांनंतर सहा महिन्यांनी पुरे. १९९२ मध्ये मिशेल लँपल यांनी तान्ह्या बाळांची लांबी जवळजवळ रोज मोजून दाखवलं की ती थोडी थोडी रोज वाढत नाही, बरेच दिवस काहीच नाही आणि मग एकदम उडी. मी रोज मोजायचे तेव्हा बहुतेक वेळा त्या "काहीच नाही"च्या दिवसांवर बोट ठेवून रडत होते.

पायरी २: आकडा नाही, रेघ वाचायची

अंदाज म्हणून काही आकडे डोक्यात असू द्या. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं, ते साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन ते अडीच वर्षांत चौपट. लांबी जन्मताना ५० सेंटीमीटरच्या आसपास, वर्षाला ७५, दोन वर्षांना ८६-८७, चार वर्षांना १०० च्या जवळ. डोकं ३४-३५ वरून वर्षात ४६ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ १२ सेंटीमीटर, त्यातले निम्मे पहिल्या तीन महिन्यांत, आणि मग अख्ख्या दुसऱ्या वर्षात मिळून फक्त दोनेक.

पण हे आकडे म्हणजे सरासरी, परीक्षा नाही. घ्या तो जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा तक्ता, मुलींचा नि मुलांचा वेगळा असतो. तो ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या साडेआठ हजारांच्या आसपास मुलांना मोजून केलाय, आणि मुद्दाम अशी मुलं निवडली ज्यांना अंगावरचं दूध मिळत होतं नि ज्यांची आई सिगरेट ओढत नव्हती. गंमत म्हणजे सहाही देशांतली मुलं उंचीला जवळजवळ सारखीच वाढली. म्हणून "आमच्याकडे सगळेच बारीक" हे पाच वर्षांच्या आत सरळ मान्य करू नका.

तक्त्यावर १५ वा पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाच्या १०० मुलांत १५ जण याच्यापेक्षा लहान. ते १०० पैकी १५ मार्क नाहीत! १५ व्या रेघेवरून गुमान चाललेलं बाळ हे ८५ वरून ४० वर घसरलेल्या बाळापेक्षा कमी काळजीचं. एक-दीड वर्षापर्यंत थोडंफार रेघ बदलणं चालतं, कारण जन्माचं वजन आईच्या पोटातल्या परिस्थितीवर ठरतं आणि नंतर मूल हळूहळू आईबापाच्या उंचीच्या वळणावर येतं. दोन मोठ्या रेघा ओलांडून खाली (किंवा डोकं झपाट्याने वर) गेलं तर मात्र दाखवा.

घसरणीचा क्रमही बघा. खाणं कमी पडलं की आधी वजन थांबतं, मग उंची, आणि डोकं सगळ्यात शेवटी, कारण शरीर शेवटपर्यंत मेंदूला वाचवायला बघतं. वजन चांगलं पण उंची मागे, किंवा डोकंच मागे, असा उलटा प्रकार दिसला तर कारण बहुधा वेगळं असतं आणि ते डॉक्टरांनीच शोधायचं. उंची वयाच्या मानाने उणे २ एसडीच्या (सरासरीपासून किती दूर ते मोजायचं एकक) खाली म्हणजे खुंटलेली, वजन उंचीच्या मानाने उणे २ च्या खाली म्हणजे सुकलेलं मूल. सहा महिने ते पाच वर्षांत दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते गंभीर कुपोषण, उद्या नाही, आज दवाखाना.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वयातून तेवढे दिवस वजा करा. दोन महिने आधी आलेलं सहा महिन्यांचं बाळ हे चार महिन्यांचं धरायचं, वजनालाही आणि मान धरण्या-बसण्यालाही. हे न करता कितीतरी आया उगाच रडतात.

टाळूबद्दल सगळेच विचारतात. पुढची टाळू साधारण १२ ते १८ महिन्यांत भरते, काहींची नवव्या महिन्यात, काहींची दोन वर्षांना. बाळ शांत, बसवलेलं असतानाही टाळू फुगलेली दिसली, किंवा जुलाब-उलट्यांत खोल गेली, तर थांबू नका.

पायरी ३: खाणं, आणि त्यातल्या त्यात लोह

सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. सहा पूर्ण झाले की वरचं खाणं, आणि अंगावरचं दोन वर्षं किंवा पुढेही चालू. काही कारणाने अंगावरचं जमलं नाही तर फॉर्म्युला, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

घोळ होतो तो सहाव्या महिन्यानंतर. जन्माच्या वेळी बाळ लोहाचा साठा बरोबर घेऊन येतं (म्हणून नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापायला सांगतात), तो साठा साधारण सहाव्या महिन्यापर्यंत संपत येतो आणि अंगावरच्या दुधात लोह फार थोडं असतं. लोह कमी पडलं की शरीर ते आधी रक्ताला देतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाच मेंदूची तंगी सुरू झालेली असू शकते. मज्जातंतूंवर जे मायलिनचं आवरण चढत असतं, ज्याने निरोप पटापट जातात, त्यालाही लोह लागतं. म्हणून वरच्या खाण्याच्या पहिल्या दिवसांपासून अंडं, मांस, मासे, नाहीतर डाळी-कडधान्यं, आणि शाकाहारी असेल तर त्याच जेवणात लिंबू-संत्र्यासारखं काहीतरी, त्याने लोह नीट शोषलं जातं. शाकाहारी मुलांना लोहाचे थेंब लागतील का हे विचाराच.

दुसरा मुद्दा पातळ पाण्याचा. लहान बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे आठ किलोच्या बाळाला २४० मिली, जेमतेम एक कप. तो कप पातळ सूप-पाण्याने भरलात तर पोट भरलं नि अंगाला काहीच नाही. चमचा तिरका केला तरी घास लगेच ओघळू नये, इतपत घट्ट असावं. दोन वर्षांपर्यंत तेला-तुपात कंजुषी नको, मेंदूच्या बांधणीत स्निग्ध पदार्थांचा वाटा मोठा. सुरुवातीला दोन-तीन चमचे, ६ ते ८ महिने दिवसातून २-३ वेळा, नंतर ३-४ वेळा आणि मध्ये एखाद-दोनदा काहीतरी तोंडात टाकायला. नवव्या महिन्यापर्यंत गुठळ्या असलेलं खाणं सुरू व्हायला पाहिजे, मिक्सरची सवय लागली की मग पोर दोन वर्षांचं झालं तरी चावत नाही.

नको त्या गोष्टी भराभर सांगते. वर्षाच्या आत मध नाही (बॉटुलिझम नावाच्या विषबाधेचा धोका), मीठ-साखर नाही, प्यायला गाईचं दूध नाही. वर्षानंतर दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, कारण दुधाने पोट भरलेलं पोर जेवत नाही आणि लोह हमखास कमी पडतं, "दूध तर भरपूर पितो ना" म्हणणाऱ्या घरात हेच निघतं. चहा अजिबात नाही. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकतात, तेव्हा कूट करा, चिरून द्या. ड जीवनसत्त्वाचे थेंब अंगावरच्या बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट, डॉक्टरांनी लिहून दिलेले असतात पण महिन्याभरात विसरले जातात.

आणि वर्षानंतर भूक कमी होते. होणारच! पहिल्या वर्षात सहा-सात किलो वाढलेलं मूल दुसऱ्या वर्षात अडीचच्या आसपास वाढतं, त्याला तेवढं लागतच नाही. काय द्यायचं नि कधी द्यायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. मागे फिरून, मोबाईल दाखवून कोंबलेला घास दोन दिवस वजन दाखवेल, पण पोट भरल्याची खूण ओळखायला मूल विसरतं.

पायरी ४: झोप

पहिले तीन महिने २४ तासांत १४ ते १७ तास, ४ ते ११ महिने १२ ते १६, एक-दोन वर्षांना ११ ते १४, तीन-चार वर्षांना १० ते १३, दुपारची डुलकी धरून. जाडजूड गादी, उशी, मऊ खेळणी काही नको, कडक गादी आणि पाठीवर झोपवायचं, वर्षभर. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटतं आणि दिवसभर शिकलेलं झोपेत बसतं, त्यामुळे झोपलेल्या बाळाला पाहुण्यांसाठी उठवणाऱ्या माणसाशी मी भांडलेली आहे आणि परत भांडेन.

पायरी ५: जमिनीवर सोडा

झोप पाठीवर, खेळ पोटावर. पहिल्या आठवड्यापासून स्वतःच्या छातीवर पालथं घ्या, एक-दोन मिनिटं, मग जमिनीवर, चालता न येणाऱ्या बाळाला दिवसभरात मिळून अर्धा तास तरी. पालथं घातलं की ओरडतं म्हणून सोडून देऊ नका, समोर तोंड करून आपणही पालथं झोपा, बाळाला आपला चेहरा कुठल्याही खुळखुळ्यापेक्षा भारी वाटतो.

बसणं, उभं राहणं, चालणं यांच्या तारखा नसतात, खिडक्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत, इतका फरक आणि सगळी निरोगी मुलं. चार टक्के मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. शेजारचं दहाव्या महिन्यात चालतं याने तुमच्या बाळाबद्दल काहीच कळत नाही.

वॉकर घेऊ नका, भेट आला तर देणाऱ्याला नंतर काय सांगायचं ते सांगा. त्याने चालणं लवकर येत नाही, आणि जिन्यावरून पडणं, गरम भांड्यापर्यंत हात पोचणं हे मात्र होतं, कॅनडाने तर २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. घरात अनवाणी चालू द्या.

हातांकडे लक्ष द्या, हात म्हणजे मेंदू बाहेर आलेला दिसतो. आधी मूठभर धरणं, सहाव्या महिन्याच्या आसपास या हातातून त्या हातात, नऊ-दहा महिन्यांत अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत एक कण उचलणं. आणि मग सोडणं, जे धरण्यापेक्षा अवघड. माझा धाकटा दहा महिन्यांचा असताना खुर्चीतून चमचा खाली टाकायचा. मी उचलून द्यायची, तो टाकायचा. एकदा मोजलं, १७ वेळा. आठव्या-नवव्या वेळेला माझ्या लक्षात आलं की तो चमच्याकडे बघतच नाहीये, चमचा सोडला की माझ्या तोंडाकडे बघतोय, मी "धप्प!" म्हणते का ते. एकदा मुद्दाम नाही म्हटलं तर त्याने चमचा धरूनच ठेवला, भुवया वर, वाट बघत. चमचा पडतो, आवाज होतो, आई बोलते, आणि आई नाही बोलली तर? दहा महिन्यांच्या माणसाचा हा प्रयोग चालू होता आणि मी त्याला खोड म्हणत होते.

पायरी ६: देवाणघेवाण

हीच पायरी लोक सगळ्यात हलकी समजतात. पहिल्या काही वर्षांत मेंदूत जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतात, बघण्याच्या भागात त्या पहिल्या वर्षातच शिखराला पोचतात, पुढच्या म्हणजे विचार करायच्या भागात नंतर, आणि मग छाटणी सुरू होते जी तिथे पार तारुण्यापर्यंत चालते. पीटर हटनलोखर यांनी १९७९ पासून पुढच्या कामात मायक्रोस्कोपखाली मोजून हे दाखवलं. ज्या जोडण्या वापरात येतात त्या रुळतात, बाकीच्या जातात. आणि तान्ह्या बाळाच्या जोडण्या वापरात आणणारं मुख्य यंत्र म्हणजे त्याच्या हुंकाराला हुंकार देणारा माणूस.

१९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना सांगितलं की बाळाशी खेळता खेळता दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेवा. बाळ आधी हसून बघतं, हात करतं, आवाज काढतं, काही उपयोग होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, चुळबुळतं, रडतं. आपण मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो तेव्हा चेहरा कसा दिसतो ते एकदा आरशात बघा, मी बघितलं, बरं वाटलं नाही.

करायचं एवढंच. बाळ कशाकडे बघतंय ते बघा, त्याचं नाव घ्या ("पंखा. फिरतोय पंखा"), आणि मग गप्प बसा. मनात पाच-सात आकडे मोजा. बहुतेक मोठी माणसं इथेच चुकतात, उत्तर यायच्या आत पुढचं वाक्य टाकतात. बाळाला वेळ लागतो, ते पाय झाडेल, "अग्गू" म्हणेल, तो त्याचा टर्न, त्यावर परत आपण. बाळाने तोंड फिरवलं की पुरे. यासाठी वेगळा वेळ काढायचा नसतो, लंगोट बदलताना, अंघोळ घालताना, कपड्यांच्या घड्या घालताना होतं.

सहा-सात महिन्यांचं बाळ जगातल्या कुठल्याही भाषेतले आवाज वेगळे ओळखू शकतं, वर्षाच्या आसपास ते कान आपल्या घरच्या भाषेकडे झुकतात. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये अमेरिकन बाळांना नवव्या महिन्यापासून चिनी ऐकवलं. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून ते आवाज शिकली, तेच माणूस टीव्हीवर नि ऑडिओवर दिलं तर काहीच शिकली नाहीत. "शिकवणाऱ्या" व्हिडिओंबद्दल मला यापेक्षा जास्त काही बोलायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते की दोन वर्षांच्या आत स्क्रीन टाळा, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी तेवढा बरा. लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलला मी यात धरत नाही, तिथे पलीकडून उत्तर तरी येतं.

घरात दोन भाषा असतील तर दोन्ही बोला, त्याने मूल गोंधळत नाही. पुस्तक वाचा, वाचा म्हणजे चित्रावर बोट ठेवा, तेच पान बारा वेळा उघडलं तर बारा वेळा.

पायरी ७: वयाप्रमाणे खेळ

सहा महिन्यांपर्यंत चेहरा, आवाज, गाणं, एवढं बस. सहा ते बारा महिने लपवाछपवी, फडक्याखाली वाटी लपवणं (वस्तू दिसत नाही म्हणजे नाहीशी झाली असं नसतं, हे या काळात कळतं), डब्यावर चमचा बडवणं. दुसरं वर्ष भरणं-ओतणं, ढकलणं, चढणं, आणि तुमचं बघून खोटं खोटं झाडणं-पुसणं, तेव्हा खऱ्या कामात घ्या. तिसऱ्या वर्षी ठोकळ्याचा फोन होतो, काठीची गाडी होते, मध्ये बोलून सुधारू नका. तीन ते पाच मध्ये थांबण्याचे खेळ घ्या, म्हणजे गाणं थांबलं की पुतळा, आपली पाळी येईपर्यंत वाट, कारण मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग या काळात झपाट्याने कामाला लागतो, आणि तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून दोन वर्षांचं पोर भोकाड पसरतं तेव्हा "एवढं कळत नाही का" या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" असं आहे. जवळ बसा, कमी बोला, शांत झालं की मग काय ते सांगा.

पायरी ८: या तपासण्या चुकवू नका, या खुणा दिसल्या तर थांबू नका

जन्मानंतर ऐकण्याची चाचणी महिन्याच्या आत, दोष वाटला तर तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू. टाचेतून रक्त घेऊन थायरॉईड बघतात, कमी असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेली रोजची साधी गोळी मेंदू वाचवते, उशीर झाला तर ते नुकसान भरून येत नाही. झाली नसेल तर विचारा, संकोच कसला. डोळ्यांचंही तसंच, ह्यूबेल आणि वीझल यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं त्या कामात मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे झाकला तर नंतर उघडूनही मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकत नव्हता. म्हणून चार महिन्यांनंतरही तिरळेपणा टिकला, किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर.

बाकी खुणा मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या. तीन महिन्यांपर्यंत आपल्याकडे बघून हसत नाही, चार-पाच महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत बसत नाही, वर्षापर्यंत बा-बा-दा-दा सारखी बडबड नाही की बोट दाखवणं नाही, १६ महिन्यांत एकही शब्द नाही, १८ महिन्यांत चालत नाही, दोन वर्षांत स्वतःचे दोन शब्द जोडून बोलत नाही. वर्षाच्या आतच एकच हात वापरतं हेही दाखवायचं, डावखुरेपण इतक्या लवकर कळत नसतं, दुसरा हात कमजोर असू शकतो. आणि येत असलेली गोष्ट जायला लागली, म्हणजे बोलायचे ते शब्द बंद झाले, नावाला ओ द्यायचं ते थांबलं, तर वय काहीही असो, लगेच. "याचा बाबा पण उशिरा बोलला" हे वाक्य घरात कुणीतरी म्हणणारच, ऐकून घ्या आणि अपॉइंटमेंट घ्या.

जाताना वही तर न्याच, आणि फोनमध्ये घरी काढलेले दोन-तीन व्हिडिओ, प्रत्येकी मिनिटभराचे: एक खेळताना, एक मागून नाव घेऊन हाक मारताना, एक चालताना किंवा रांगताना, आणि जी गोष्ट खटकतेय ती घडताना जमलं तर चौथा. दवाखान्यात मूल एकतर झोपतं, नाहीतर तुमच्या मानेला चिकटून बसतं, आणि घरी दिवसभर केलेलं एकही काम तिथे करून दाखवत नाही.